पाऊल न ठेवता

“ठोका चुकला गं बाई त्याचा!”

भिंतीपलीकडून येणारा हा आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. आमच्या तांब्याच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून द्वारकाआत्याचं परस होतं. इकडे माझे अण्णा खरवईवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर, घागर उपडी घालून ठोकत बसायचे. तिकडे आत्या भांडी घासत असायची, नाहीतर तुळशीला पाणी घालत असायची. शेकडो ठोके एका वजनाचे पडायचे आणि एखादाच जरा तिरका जायचा. तो आमच्या कुणाच्या कानाला कळायचा नाही. पलीकडे मात्र हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ ही हाक.

अण्णा ओठ मुडपायचे, घागर बोटभर मागे फिरवायचे आणि तोच ठोका पुन्हा घालायचे. मग पलीकडे तुळशीत पाणी पडायला लागायचं.

तो आवाज आता भिंतीपलीकडून येत नाही, अलीकडूनच येतो. कारखान्यातही आता सगळीकडे गुळगुळीत फरशी आहे. मधोमध हात-दीड हात जागा तेवढी मातीची ठेवलीय. येणारी माणसं तिथं अडखळतात आणि विचारतात, “इथं फरशी कमी पडली का हो?” अण्णा हसतात. हे सगळं कसं झालं ते सांगायचं, तर मला चौदा वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. बसस्टँडसमोर माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे. त्या वर्षी पुण्याच्या सामंतसरांनी आमच्या तालुक्यात येऊन सहा रविवारांचा एक वर्ग घेतला. एका जागी उभं राहून चहूबाजूंचे फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडायचे, की बघणाऱ्याला मान वळवावी तशी ती जागा फिरवून बघता येते. वर आढं, खाली जमीन, मागे दार. हवं तिथं खुणा ठेवता येतात. खुणेवर टिचकी मारली की आवाज येतो, माहिती येते. “व्हर्च्युअल टूर म्हणतात याला,” सर म्हणाले. “शेवटच्या रविवारी प्रत्येकानं आपली एक टूर आणायची. जागा अशी निवडा, की ती तुम्हाला डोळे मिटूनही दिसेल.”

मला दुसरी जागा सुचलीच नाही. शिवाय घाईही होती. अण्णांनी कारखान्यात पत्रा दाबायचं यंत्र आणायचं ठरवलं होतं. त्यासाठी चोपून चोपून केलेली जुनी मातीची जमीन उखडून फरशी बसणार होती. आजोबांच्या हातची जमीन जाण्याआधी ती जपून ठेवावी, असं मी अण्णांना सांगितलं. त्यांना ते पटलं.

खरं कारण मी सांगितलं नव्हतं. मला ती जागा आत्याला दाखवायची होती.

तीस वर्षं आत्यानं आमच्या कारखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्या घराची वाटच कारखान्यातून, त्यामुळे घरातही नाही. लग्न होऊन ती मागच्याच आळीत गेली, चालत गेलं तर सात घरं. पण जाताना म्हणून गेली होती, “या उंबऱ्याच्या आत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.” का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आत्याला विचारलं तर म्हणायची, “दत्तूला विचार.” दत्तू म्हणजे आमचे अण्णा, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. अण्णांना विचारलं तर म्हणायचे, “आक्काला विचार.” आई म्हणायची, “मी लग्न होऊन आले तेव्हाही हेच होतं. त्यांच्या मध्ये पडू नकोस. मध्ये भिंत आहे तेवढी पुरे.”

बरं, भांडण म्हणावं तर भाऊबीज एकदाही चुकली नाही. अण्णा इकडून हंडा उपडा घालून त्यावर चढायचे, आत्या तिकडून स्टुलावर. भिंतीच्या माथ्यावरून निरांजनाचं ताट फिरायचं. अण्णा ताटात दरवर्षी स्वतःच्या हातचं एक भांडं घालायचे. कधी पळीपात्र, कधी तांब्या. आत्या ते उलटसुलट करून बघायची आणि एवढंच म्हणायची, “बूड जड झालंय.” पुढच्या वर्षी बूड हलकं यायचं.

तर एका गुरुवारी सकाळी मी तिवई आणि कॅमेरा घेऊन कारखान्यात उभी राहिले. एक फोटो काढायचा, कॅमेरा थोडा वळवायचा, पुन्हा एक. असे चार काढले आणि कॉम्प्युटरला दिले. तो काही केल्या जोडेना. भात्याची भिंत एकीकडे, दाराची चौकट दुसरीकडे, मध्ये काळोख. मी कपाळाला हात लावून बसले.

अण्णा चहाची बशी घेऊन मागे येऊन उभे राहिले. “काय झालं?”

“जोड धरत नाहीये.”

“दाखव.” त्यांनी चारही फोटो बघितले. “हा इथं संपतो आणि तो तिथून सुरू होतो?”

“हो. बरोबर कडेला कड लावलीय.”

“मग कसा धरेल?” अण्णांना हसूच आलं. त्यांनी कोपऱ्यातून एक अर्धवट घागर आणली आणि तिचा सांधा माझ्या बोटाखाली धरला. “हे बघ. पत्र्याच्या कडेला आधी दाते पाडायचे. एक दाता वर, एक खाली, मग दुसरी कड त्यात घुसवायची. एकावर एक चढल्याशिवाय सांधा राहतो का? नुसती कड कडेला लावलीस तर पहिल्या पाण्यालाच गळेल.”

सामंतसरांनी नेमकं हेच सांगितलं होतं, एक तृतीयांश भाग दोन्ही फोटोंत यायला हवा. ते मी वहीत लिहून घेतलं होतं. कळलं मात्र त्या घागरीवर बोट फिरवताना.

दुसऱ्या वेळी चारऐवजी आठ फोटो काढले. कॉम्प्युटरनं मुकाट्यानं जोडले. पडद्यावर कारखाना गरगरा फिरायला लागला, तशी मी आनंदानं ओरडले. आमचे जुने कारागीर गणूकाका हातोडा टाकून धावत आले आणि बघतच राहिले.

“शर्वरीबाय, हे काय केलंस गं? पाच मालक!”

खरंच. भात्याजवळ अण्णा, दाराशी अण्णा, भट्टीशी अण्णा, फळीखाली अण्णा. आणि एक अण्णा अर्धेच, त्यांचा हात खांबातून बाहेर आलेला.

“एकाचं बोलणं ऐकवत नाही,” गणूकाका म्हणाले, “पाचांचं कोण ऐकणार? मी उद्यापासून येत नाही.”

“अण्णा, तुम्ही फिरत होतात?”

“फिरणारच! कॅमेरा वळेल तसा मी समोर जाऊन बसत होतो.”

“पण कशाला?”

“समोर आलेल्या माणसाला पाठ दाखवायची नाही. बाबांनी शिकवलंय. हे यंत्र आठ दिशांना तोंड करतंय, त्यात माझा काय दोष?”

त्या दिवशी आई घागरीतलं पाणी ओतताना आठवून आठवून हसत होती. “एकाशी संसार करता करता पुरे झालं,” म्हणायची आणि पुन्हा पदर तोंडाला लावायची.

तिसऱ्या वेळी मी अण्णांना भट्टीशी बसवलं आणि सांगितलं, की कॅमेऱ्याला खुशाल पाठ दिसू दे. आता प्रश्न उरला जागेचा. कडेला उभं राहिलं की अर्धा कारखाना खांबाआड जायचा. सगळं दिसायचं ते एकाच जागेवरून, अगदी मधोमध, तिसऱ्या खरवईपाशी. तिथं मात्र मला कळायला लागल्यापासून तांब्याच्या पत्र्यांची चळत होती. त्या खरवईवर कुणी बसायचं नाही. गणूकाकाही नाही.

“अण्णा, ती चळत हलवायची?”

“तिथं नको.”

“दुसरीकडून दिसत नाही हो नीट.”

ते भट्टीत बघत राहिले. मी तिवई मिटायला घेतली, तेवढ्यात ते उठले. गणूकाकांना हाक न मारता त्यांनी एकट्यानं एकेक पत्रा उचलला आणि भिंतीला लावला. खाली खळगा निघाला. बसून बसून पडलेला, त्यापुढे टाचांच्या दोन लहान खोलगट खुणा. अण्णांनी पंच्यानं ती जागा झटकली.

“ठेव तुझं यंत्र,” म्हणाले. “हळू ठेव.”

सगळे फोटो झाले. आढ्याचा झाला. राहिला जमिनीचा. खाली बघितलं की जमिनीऐवजी तिवईचे तीन पाय दिसतात. म्हणून तिवई काढून नुसत्या जागेचा एक वेगळा फोटो घ्यायचा आणि त्याचं ठिगळ लावायचं. मी त्या खळग्यावर वाकले आणि खरवई बसवलेल्या लाकडी बुडख्यावर मला ती खूण दिसली. पोगरानं, म्हणजे बारीक छिन्नीनं, ठोकून काढलेली, नखाएवढी चंद्रकोर.

आमच्याकडे प्रत्येक कारागिराची एक खूण असते. भांडं पुरं झालं की बुडाखाली ती मारायची. अण्णांचे तीन ठिपके. गणूकाकांची फुली. चंद्रकोर कुणाचीच नव्हती.

“ही कुणाची, अण्णा?”

“उजेड जाईल. काढ फोटो,” अण्णा म्हणाले.

मग मी एकेका वस्तूचे जवळून फोटो घेतले, खुणांसाठी. भाता, ऐरण, भांडी उजळायच्या चिंचेच्या पाण्याचं कुंडं. शेवटी फळीवरची घागर. ती घागर म्हणजे आमच्या आळीचा अभिमान. त्याच्याही तीस वर्षं आधी मुंबईच्या प्रदर्शनात तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. शेजारी चौकटीत अण्णांच्या नावाचं प्रशस्तिपत्रक. तिच्या अंगावरचे ठोके असे, की पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी आणि पाणी तिथंच थांबावं. मी ती खाली घेतली आणि सहज उपडी केली.

बुडाखाली चंद्रकोर होती.

मी ती सरळ केली, पुसली आणि फळीवर ठेवली. कुणाला काही बोलले नाही.

अण्णांनी खुणांसाठी आवाज दिला. त्याचा त्यांना फार हुरूप. फोन तोंडासमोर धरला की सभेत उभं राहिल्यासारखे ताठ व्हायचे. “नमस्कार मंडळी! हा भाता. हा माझ्या आजोबांच्या वेळचा…” “नमस्कार मंडळी! ही ऐरण. हिच्यावर पाय ठेवायचा नाही…” गणूकाका मागून “अध्यक्षमहाराज!” करायचे. सगळं झालं आणि मी म्हटलं, “आता घागर.”

अण्णांनी घसा खाकरला. “नमस्कार मंडळी,” म्हणाले. मग थांबले. फोन माझ्या हातात दिला. “ते नंतर.”

मी घागरीवर खूण ठेवली, लाल, गोल. आवाजाची जागा रिकामी सोडली.

शनिवारी दुपारी मी लॅपटॉप काखोटीला मारून मागच्या आळीत गेले. आत्या परसात शेंगा सोलत बसली होती.

“आत्या, तुला काहीतरी दाखवायचंय. कारखाना.”

तिचे हात थांबले. मला वाटलं, चिडणार. तिनं शेंगेची साल झटकली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, “पाऊल ठेवणार नाही म्हटलं होतं मी. बघणार नाही असं कुठं म्हटलं होतं? आण इकडे.”

मी लॅपटॉप तिच्यासमोर पाटावर ठेवला. माऊस हातात दिला. पहिल्यांदा तिनं तो इतक्या जोरात ओढला, की कारखाना भोवऱ्यासारखा फिरला.

“अगं अगं! सगळ्यांना घेरी येईल!” ती म्हणाली आणि हसायला लागली. मग हळूहळू तिच्या हाताला ते जमलं. दार आलं. भाता आला. तिनं मान थोडी पुढे काढली, जणू ती खरोखर कुठं आत वाकून बघत होती.

“भट्टीचं तोंड फिरवलं त्यानं. बरं केलं, धूर यायचा. ती खुंटी अजून आहे? माझी ओढणी असायची तिथं.” मग एकदम, “हा दत्तू का? पाठमोरा? किती पोक आलंय!”

“आत्या, खाली बघ.”

तिनं माऊस खाली ओढला. खळगा आला. टाचांच्या खुणा आल्या. त्यांच्या वर कुणीही नव्हतं.

“माझे पाय कुठायत?” ती म्हणाली.

“यात पाय दिसत नाहीत. नुसतं बघणं असतं.”

“म्हणजे पाऊल न ठेवता माझ्या जागेवर बसलेय मी.” ती स्वतःशीच हसली. आणि मग, शेंगा सोलता सोलता गुणगुणावं तशी, पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,

“माहेराची वाट, माझ्या परसाच्या शेजारी,
पाऊल राहिलं घरी, जीव फिरतो माघारी.”

तिनं पदरानं नाक पुसलं आणि लगेच मोठ्यानं म्हणाली, “या लाल टिकल्या कसल्या?”

“टिचकी मार.”

“नमस्कार मंडळी! हा भाता!” अण्णा गरजले. आत्या दचकली, मग खुदकन हसली. “मंडळी काय, मेला! आणि हा आजोबांच्या वेळचा कुठला? हा आमच्यासमोर आणलेला.” तिनं ऐरणीवर टिचकी मारली, कुंड्यावर मारली, प्रत्येक वेळी भावाला एक टोमणा दिला. असं करत करत ती फळीपाशी आली. घागरीवरच्या टिकलीवर तिनं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली.

“हिचा आवाज गेलाय का?”

“अण्णांनी दिला नाही. ‘नंतर’ म्हणाले.”

“हं,” आत्या म्हणाली. “तीस वर्षं झाली त्याच्या ‘नंतर’ला.”

“मी बूड बघितलंय, आत्या.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. मुलीनं खरवईवर बसायचं नाही असं होतं, पण बाबा मला बसू द्यायचे. दार लावून. प्रदर्शनाच्या कागदावर त्यांनी दत्तूचं नाव घातलं, मला विचारून घातलं. त्याचा मला राग नव्हता गं. पोरीचं नाव कुणी घेतलंच नसतं. पण हा मुंबईहून आला. गळ्यात हार, मागे सगळी आळी. आणि घागर माझ्यासमोर धरून म्हणाला, ‘बघ आक्का, माझी घागर!’” तिनं तळहात पालथा केला. “जगाला म्हणू दे. मला म्हणाला. तेव्हा मी म्हटलं, ज्या दिवशी तू तोंडानं सांगशील घागर कुणाची, त्या दिवशी पाऊल ठेवीन.”

“आणि त्यांनी सांगितलं नाही?”

“एकोणीस वर्षांचं पोर होतं. आधी लाजला. मग वर्षं गेली, आणि जितकी गेली तितकं ते तोंड जड झालं. मला कळायचं. भाऊबीजेला भिंतीवर यायचा, ओठ हलवायचा आणि ताटात तांब्या टाकायचा.” ती थांबली. मान तिरकी केली. “आज ठोका ऐकू येत नाही. कधीपासून?”

खरंच, पलीकडे सामसूम होती.

“भिंतीला कान लावून बसलाय,” आत्या म्हणाली. आणि उठून, कमरेवर हात ठेवून, नेहमीच्या आवाजात तिनं हाक दिली, “दत्तू! सगळं बोलतंय रे तुझं! घागर तेवढी मुकी आहे!”

पलीकडे काहीतरी खडखडलं. गणूकाकांचा आवाज आला, “मालक, जपून, हंडा चेपेल!” आणि भिंतीवर अण्णांचं डोकं उगवलं. भाऊबीज नसताना ते मी पहिल्यांदाच तिथं बघत होते.

“बघितलास?” अण्णांनी विचारलं.

“बघितला. माझ्या जागेवरून.”

“सोमवारी फरशीची माणसं येणार आहेत, आक्का.” त्यांनी भिंतीचा माथा घट्ट धरला. “त्याआधी एकदा ये.”

“मी कधीही यायला तयार आहे. काय करायचं ते तुला ठाऊक आहे.”

डोकं खाली गेलं. आत्या क्षणभर उभी राहिली. मग आत गेली, लुगडं बदलून आली, केसांवरून हात फिरवला. “चल,” मला म्हणाली. “ते मशीन घे तुझं.”

सात घरं. प्रत्येक घरातून कुणीतरी बाहेर आलं. “द्वारकाकाकू, इकडे कुठं?” आत्या म्हणाली, “माहेरी,” आणि चालत राहिली. आमच्या दाराशी पोचलो तेव्हा मागे अर्धी आळी होती. आई हात पुसत येऊन उभी राहिली. आत्यानं एका पायातली चप्पल काढली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

आत अण्णा भात्यापाशी बसले होते. कित्येक वर्षांत त्यांनी भाता ओढला नव्हता, ते काम गणूकाकांचं. आज स्वतः ओढत होते. भट्टी लाल झाली होती. फळीवरची घागर खाली आणून त्यांनी तिसऱ्या खरवईवर उपडी घातली होती, चंद्रकोर दारातून दिसेल अशी.

“शर्वरी,” ते म्हणाले, “ते आवाजाचं चालू कर. घागरीचं राहिलंय ना.”

मी फोन पुढे धरला. अण्णांनी आत्याकडे बघितलं नाही. ते भट्टीकडेच बघत होते, भाता ओढणं त्यांनी थांबवलं नाही. आजही त्या लाल टिकलीवर टिचकी मारली, की आधी तो भात्याचा श्वास ऐकू येतो, मग अण्णांचा खाकरलेला घसा.

“नमस्कार मंडळी,” अण्णा म्हणाले. “ही घागर माझी नाही. माझ्या आक्काची आहे. ठोके सगळे तिचे. मी नुसता भाता ओढत होतो.”